पत्रे बघायचे पैसे

आमचं पाळणाघर पूर्वी कोंबड्यांचं होतं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. नव्या आईला पहिल्याच दिवशी सांगून टाकते, म्हणजे नंतर गावातून ऐकून येऊन तिनं डोळे मोठे करायला नकोत. सासऱ्यांनी बांधलेलं पोल्ट्रीचं लांबलचक शेड, कमरेएवढी भिंत, तिच्यावर जाळी, आणि डोक्यावर सिमेंटचे पत्रे. कोंबड्या गेल्या. जाळीच्या जागी खिडक्या आल्या, खाली फरशी आली, कलकलाट मात्र होता तसाच राहिला. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर मला घरात करमेना, म्हणून मी हे सुरू केलं. शेड माझं आणि माझ्या धाकट्या दिरांचं सामाईक. ते आमच्या भागातल्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांची देखभाल करतात आणि उरलेल्या वेळात मला सल्ले देतात.

माझ्याकडे दोन तऱ्हांच्या आया येतात. एक, हिंजवडीला कंपनीत जाणाऱ्या. कॅब दाराशी उभी, एका हातात बाळ, दुसऱ्या हातात लॅपटॉपची बॅग, आणि तोंडानं एकीकडे मीटिंग चालू. दुसऱ्या, डोंगरावरच्या वाडीतून उतरून सोसायट्यांच्या बागेत गवत काढायला जाणाऱ्या. दोघींची पोरं दुपारी एकाच रांगेत झोळ्यांमध्ये झोपतात. झोपलेलं पोर कुठल्या आईचं ते ओळखून दाखवा, असं मी पाहुण्यांना सांगते. अजून कुणाला बरोबर ओळखता आलेलं नाही.

एके दिवशी सूस गावाहून येणारी एक आई बाळ सोपवून गेली नाही, तिथेच घुटमळली. मुलगी स्वभावानं गरीब, हळू बोलणारी. वर बघत म्हणाली, "काकू, हे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे आहेत का हो?"

"पत्र्याचे पत्रे आहेत," मी म्हटलं. "तुला वर बघायला वेळ मिळतो हे बरं आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना गुण. ती बिचारी ओशाळून कॅबमध्ये बसली. पण त्या दुपारी सगळी पोरं झोपल्यावर मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. मग झोळ्यांकडे पाहिलं. तान्ही पोरं उताणी झोपतात. आमच्या त्या घरात दिवसभर छपराकडे बघणारी माणसं तेवढीच. जुने सिमेंटचे पत्रे फुटले, झिजले की त्यातून डोळ्यांना न दिसणारी तुसं सुटतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात, एवढं मी कुठंतरी वाचलेलं होतं. वाचून सोडून दिलं होतं. आता ते सुटेना. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. त्या रागातच मी संध्याकाळी सगळ्या आयांना सांगून टाकलं की पत्र्याचं खरंखोटं कळेपर्यंत पाळणाघर बंद.

दीर म्हणाले, "वैनी, ह्ये हात दाखवून अवलक्षण झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची असती."

"मुठीत पोरं आहेत, भावजी," मी म्हटलं.

हिंजवडीवाल्यांनी कसंतरी भागवलं. कुणी घरून काम मागून घेतलं, कुणाची आई लातूरहून आली. वाडीवरच्या बायकांनीही एकमेकींत वाटून घेतलं. अडकली ती एकच. तिचा मुलगा नुकता बसायला लागला होता. नवरा वीटभट्टीवर, सासू दिवसभर डोंगरात हिरडा वेचायला, शेजारणीकडे आधीच दोन पोरं. ती बाळाला घेऊन कामावर गेली आणि बागेत झुडपाखाली ठेवून गवत काढायला लागली, तर मुकादमानं दुसऱ्याच दिवशी पोर आणायचं नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती रोज सकाळी बाळाला कडेवर घेऊन फाटकाशी यायची आणि विचारायची, "बाई, कळलं का?"

"अजून नाही गं."

"बरं," म्हणायची आणि परत डोंगर चढायची. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्याला उत्तर देता येतं.

तेव्हा मी कामाला लागले. पत्रे तपासून देणारी माणसं असतात हेच मला नवीन होतं. पहिला गाठला तो बावधनचा. एका झेरॉक्सच्या दुकानावर त्याचं ऑफिस. तो म्हणाला, "मॅडम, यायची गरज नाही. मोबाइलवर फोटो पाठवा, सर्टिफिकेट करून देतो." पैसे इतके कमी की माझा हात पर्सकडे गेलासुद्धा. मग मी विचारलं, न बघता कसं देणार? "सगळे पत्रे सारखेच असतात हो," तो म्हणाला. मी म्हटलं, मग तुमच्या ऑफिसच्या छपराचं सर्टिफिकेट मी घरी बसून लिहून देते, द्या कागद. जिना उतरताना मला फार बरं वाटत होतं. खाली आल्यावर आठवलं की काम काहीच झालेलं नाही.

दुसऱ्यानं ईमेलवर कोटेशन पाठवलं. ते वाचून माझे डोळे पांढरे झाले. कशाचे किती ते काही नाही, नुसता एक मोठा आकडा आणि खाली जीएसटी. मी दिरांना दाखवलं तर ते म्हणाले, "एवढ्यात नवं छप्पर व्हतंय की वो." होत नव्हतं, पण बोलायला काय जातंय.

तिसरी एक मुलगी निघाली. फोनवर आवाज ऐकून मला वाटलं कॉलेजातली असेल. मी विचारलं भाव, आणि ती मलाच प्रश्न विचारायला लागली. छप्पर किती उंच? आतून छत आहे का? पत्रे सगळे एकदमच घातलेले की वेगवेगळ्या वर्षी? कुठे फुटलेत का?

"तू आधी भाव सांग," मी म्हटलं.

"काकू, तुम्ही हे सांगितल्याशिवाय मलाच तो कळणार नाही."

ही मला आवडली. मग तिनं समजावून सांगितलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पैसे कशाचे ते पैसे घेण्याआधी सांगत होतं. येण्याजाण्याचे थोडेच. बघून लिहून देण्याचे थोडे जास्त. खरा खर्च लॅबचा. पत्र्याचा नखाएवढा तुकडा काढायचा, तो लॅबमध्ये कुणीतरी माणूस मायक्रोस्कोपखाली धरून त्यातला तंतू न् तंतू ओळखणार, आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. मी मनात हिशोब केला, एक तुकडा म्हणजे एका झोळीची महिन्याची फी. सगळं छप्पर एकाच वेळचं, एकाच ढिगातलं असेल तर दोन-तीन तुकड्यांत काम होतं. पण जितक्या जातींचे पत्रे, तितके गट, आणि गटागणिक तुकडे.

"आमचे फार जातींचे आहेत," मी म्हटलं.

"काही हरकत नाही. जुना पत्रा, नवा पत्रा, रंग, शेवाळ, जाडी, यावरून बघूनच बरंचसं कळतं. मी येऊन गट पाडते, मग खर्च ठरवू."

मेथीच्या जुडीसाठीसुद्धा मी घासाघीस करते, पण तिच्याशी केली नाही. फोन ठेवला आणि दिरांना म्हटलं, रविवारी एक मुलगी पत्रे बघायला येणार आहे.

हे मी सांगायला नको होतं. शनिवारी मी पौडला माझ्या मामेबहिणीकडे डोहाळजेवणाला गेले. संध्याकाळी परतताना जीपमधून वळणावरच आमचं शेड दिसतं. ते मला दिसलंच नाही. त्याच्या जागी विटकरी रंगाचा एक चकचकीत बंगला लोळत पडलेला होता.

दीर शिडीशी उभे होते, केसांपर्यंत रंगलेले. एका बंगल्याच्या छपरासाठी आणलेला रंग उरला होता, तो त्यांनी दोन मित्रांना घेऊन लांब दांड्याच्या रोलरनं आमच्या पत्र्यांवर फिरवला होता. आतून मी दर दिवाळीला चुना मारून घेतेच. म्हणजे आता छप्पर आतून पांढरं आणि बाहेरून विटकरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं.

"वैनी, बघायला येनार म्हनल्यावर पोरीला जरा पावडर लावत्यातच का न्हाई?" ते म्हणाले. "सगळं एक दिसतंय का न्हाई बघा."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. असं क्वचितच होतं, म्हणून दिरांना वाटलं मला फार आवडलं.

मुलगी रविवारी सकाळी स्कूटरवर आली. पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. हेल्मेट काढलं, छपराकडे पाहिलं, आणि तशीच उभी राहिली. मग दिरांना विचारलं, "काका, रंग द्यायच्या आधी पत्रे घासले का? ब्रशनं, पाण्यानं?"

दिरांनी मान खाली घातली. "न्हाई ताई. खरं सांगू का, कंटाळा केला."

"फार छान केलंत. घासणं हेच सगळ्यात वाईट. सगळी तुसं उडाली असती."

दिरांना जन्मात कुणी आळसाबद्दल शाबासकी दिलेली नव्हती. ते सरळ चावडीपाशी गेले आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

पण आत आल्यावर मुलगी मला म्हणाली, की काकू, आता मला गट पाडता येणार नाहीत. सगळं सारखं दिसतंय. बिनचूक करायचं तर जवळजवळ प्रत्येक ओळीतला तुकडा घ्यावा लागेल. मी झोळ्या मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. एवढ्या झोळ्या तर माझ्याकडे टांगलेल्याही नव्हत्या. फाटकाशी ती वाडीवरची आई येऊन उभी होती. आज रविवार, पाळणाघराला एरवीही सुट्टी, तरी आली होती. तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे घरावर स्लॅब पडला की जुने सिमेंटचे पत्रे कुणी विकत नाही. कुणाच्या तरी डोक्यावरचं छप्पर विकून खायचं नसतं म्हणतात. ते द्यायचे, ज्याला गरज असेल त्याला. वाऱ्यानं कुणाचे उडाले, कुणाचा गोठा वाढला, कुणी वेगळं निघालं, त्याला. ज्याला मिळाले तो देणाऱ्याला त्या छपराखाली एकदा जेवायला बोलावतो, झालं. जमिनी विकून गावात बंगले उठले तसे जुने पत्रे भराभर फिरले. आमच्या शेडचं अर्धं छप्पर असंच, या घरचं चार, त्या घरचं सहा, करत भरलेलं. म्हणजे पत्र्यांवरचं वय रंगाखाली गेलं असेल, पण देणाऱ्यांना आपलं दान विसरणं कुठलं शक्य आहे?

मी मुलीला म्हटलं, तासभर थांब, पोहे खा. आणि दिरांना चावडीवरून बोलावून घेऊन पिटाळलं. ज्यानं ज्यानं पत्रे दिलेत त्याला बोलावून आणा.

पोहे होईस्तोवर अंगण भरलं. छपरावर चढायला मुलीनं सक्त मनाई केली, कारण जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो. मग कुणीतरी लांब बांबू आणला. एकेकानं पुढे व्हायचं, बांबूनं आपला पत्रा दाखवायचा. आतून बघायचं, बाहेरून बघायचं. "ह्यो आमचा. हितं डांबर लावलंय बगा, आमच्या म्हाताऱ्यानं गोणपाट घालून लावलेलं." "ह्यो आमचा. ह्येच्या नळ्या लहान हायेत. थोरलीच्या लग्नाच्या वरसाला आणलेला, खाली मांडव घातला व्हता." प्रत्येक पत्र्याबरोबर एक लग्न, एक म्हैस, एक आजारपण आलं. मुलगी भिंतीवर खाली खडूनं खुणा करत चालली होती. मधूनच ती बांबू मागून घ्यायची, डांबराचं ठिगळ, पत्रा अडकवायच्या आकड्याचं भोक, पन्हळीच्या नळीची रुंदी स्वतः ताडून पाहायची, आणि मगच खूण पक्की करायची. तीन ठिकाणी तिनं लोकांचं म्हणणं मोडून काढलं, आणि लोकांनी ऐकून घेतलं. मला आनंद आवरेना. आठवडाभर मी एकटी त्या छपराकडे बघून झुरत होते, आणि आता सगळं गाव माना वर करून बघत होतं.

स्वयंपाकघराकडच्या ओळीवर मात्र अडलं. दोन चुलत भाऊ आहेत आमच्या गावात, शेताला शेत लागून, आणि बोलचाल फक्त दुसऱ्याला खोटं पाडण्यापुरती. धाकटा म्हणाला ही ओळ आमची. थोरला म्हणाला, तुझ्या बापानं कधी कुणाला पत्रा दिलाय? शब्दानं शब्द वाढला. दानाचा मान कोण सोडणार? थोरला बांबू घेऊन म्हणाला, "धा मान्सांत सांगतो, ह्ये पत्रं आमचं हायेत."

मुलगी तोवर टॉर्च मारून ती ओळ बघत होती. ती शांतपणे म्हणाली, "ही ओळ खराब आहे. कडा भुसभुशीत झाल्यात, दोन भेगा आहेत. सगळ्यात जास्त धोका इथेच दिसतोय."

मग थोरल्यानं बांबू भिंतीला टेकवला आणि म्हणाला, "तसं म्हनलं तर त्येचाच बाप दानशूर व्हता."

हसून हसून मला खाली बसावं लागलं. शेवटी एका म्हातारीनं निकाल दिला, की ओळ थोरल्याच्याच घरची, आणि त्याच ढिगातले उरलेले पत्रे वर वाडीत गेले. थोरल्यानं मान्य केलं, पण पोहे दुसऱ्यांदा घेतले नाहीत.

छपराचे मोजके गट पडले. मुलीनं तोंडाला मास्क लावला, सगळ्यांना लांब उभं केलं, जागा पाण्यानं ओली करून प्रत्येक गटातले नखाएवढे तुकडे काढले, पत्र्याच्या जखमेवर लगेच लेप लावला, तुकडे पिशव्यांत बंद केले. "एवढंसंच?" एकानं निराशेनं विचारलं. तिचे पैसे मी तिच्या हातात दिले तेव्हा मला एकाही झोळीबद्दल वाईट वाटलं नाही. ती न बघता काही बोलत नव्हती, आणि बघितलेलं लपवत नव्हती. मला तेवढंच विकत घ्यायचं होतं.

रिपोर्ट आला त्यात एक नवा गट सोडून सगळीकडे अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. पण तिचा फोन रिपोर्टच्या मागोमाग आला. म्हणाली, काकू, असणं वेगळं आणि सुटणं वेगळं. धडधाकट पत्रा कुणी फोडला नाही, घासला नाही, भोक पाडलं नाही, तर तो सहसा काही सोडत नाही. तुमचे बाकीचे गट धडधाकट आहेत, आणि काकांच्या रंगानं तर वरून ते आणखी बंद झालेत. वाईट ती एकच ओळ. ती हे काम शिकलेल्या माणसांकडून ओली करून उतरवायची, प्लॅस्टिकमध्ये बांधून न्यायची. लहान मुलं आहेत म्हणून पुढे सवडीनं खाली छत करून घ्या, पण त्याचा एकही खिळा पत्र्याला लागता कामा नये.

मला समजा कुणी आधीच घाबरवून सगळं छप्पर उतरवायला लावलं असतं, तर पाळणाघर कायमचं बंद पडलं असतं. आणि बावधनवाल्याचा कागद घेऊन गप्प बसले असते, तर त्या ओळीखाली पोरं खिचडी खात राहिली असती. दिरांना मी हे सांगितलं. त्यांनी रंगाविषयीचं वाक्य तेवढं पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं.

ओळ उतरवायला माणसं आली तेव्हा गाव पुन्हा जमलं, आणि रीतीप्रमाणे मागणी सुरू झाली. उतरवताच आहात तर द्या, गोठ्याला होतील. आमच्या गावात पत्रा मागणाऱ्याला आजवर कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. मी म्हटलं. मुलगीही आली होती, तिनं सगळ्यांना समजावलं, की गुरांच्याही नाही आणि माणसांच्याही नाही, हे आता कुणाच्याच डोक्यावर जायचे नाहीत. गर्दीत मागे वाडीवरची ती आई बाळ घेऊन उभी होती. ती त्या बांधलेल्या पत्र्यांकडे बघत होती.

रिकाम्या जागी लोखंडी पत्रे बसवून पाळणाघर उघडलं त्या सकाळी मी केर काढायच्या आत ती दारात. बाळ माझ्या हातात दिलं आणि जायच्याऐवजी तिथेच उभी राहिली.

"बाई, आमच्यावर बी त्येच पत्रं हायेत."

"माहीत आहे गं. मीही तेच मनात घोळवतेय."

"ह्यो दिसभर हितं निजतो," ती म्हणाली. "रातभर तितं निजतो."

मी त्या पत्रे तपासणाऱ्या मुलीला फोन केला. ती तेव्हा लांब कुठेतरी कारखान्याच्या तपासणीत अडकली होती. म्हणाली, मी सवडीनं येईनच, पण तोवर थांबू नका, तुम्ही जाऊन बघा. त्याच घरचे पत्रे आहेत, तर त्यात काय आहे ते आपल्याला कळल्यासारखंच आहे. कागदावर मला तसं लिहिता येणार नाही, पण काळजी घ्यायला कागद लागत नाही. कुठे फुटलंय, कुठे भुसा सुटतोय आणि बाळ कुठे झोपतं, एवढंच बघा. हात लावू नका.

पुढच्या रविवारी मी आणि दीर डोंगर चढलो. माझे गुडघे कुरकुरत होते, मन नाही. वाडी म्हणजे सात-आठ घरं. तिचं घर लांबूनच ओळखू आलं, पत्र्याचं तेवढं एकच. इतरांना मिळेस्तोवर पत्रे संपले होते. तिनं अंगण सारवून ठेवलं होतं, आणि घर दाखवताना तिचा चेहरा नुसता खुलला होता. शेजारी तिच्या सासूची झोपडी, गवताची, कारवीच्या कुडाची. सासू दारात हिरडा निवडत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही.

आत जाऊन मी टॉर्च मारला. चुलीच्या वर पत्र्याला वीतभर भोक पाडलेलं, धूर जायला. भोकाच्या कडा मऊ पडून झडत होत्या, आणि त्या कडांच्या थेट खाली, चुलीच्या उबेला, बाळाची झोळी.

"ह्ये मीच पाडलं," ती म्हणाली. "कोयत्यानं."

"कुणीही पाडलं असतं. धूर कुठून जाणार?" मी म्हटलं. "पण झोळी इथून आजच हलव. आणि मुलगी येईपर्यंत भोकाला हात लावू नकोस. ती आली की ते कसं बंद करायचं ते सांगेल."

"हलवू कुटं?" घर एका खोलीचं. तिनं चारी कोपऱ्यांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

बाहेरून सासूचा आवाज आला. "माझं बी बघा की."

ती उठून उभी राहिली होती, हात कमरेवर. सून हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमच्यावर पत्रं कुटं हायेत?"

"न्हाईतच. मला कुनी दिलं न्हाईत. म्हनून बघायचं न्हाई व्हय?"

मी वाकून तिच्या झोपडीत गेले. बघायचं तर नीटच, म्हणून टॉर्च या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फिरवला. गवत, त्याखाली सागाची पानं, धुरानं काळ्या झालेल्या काठ्या, आढ्याला टांगलेलं मक्याचं कणीस. धूर गवतातून हळूहळू आपला आपण जात होता. सगळीकडे वाळलेल्या गवताचा वास होता, आणि मी पोटभर श्वास घेतला.

"आजी," मी म्हटलं, "इथे भिण्यासारखं काही नाही. चुलीपासून लांब, त्या आढ्याला झोळी बांधा. बाळाला आजपासून इथे निजवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दाराकडे मान करून म्हणाली, "पुन्यांदा सांगा. जरा मोठ्यानं सांगा. ती बाहेर हाय."

मी मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. सून झोळी आणि दोर घेऊन आत आली, आणि सासूनं तो दोर तिच्या हातातून काढून घेतला, स्वतः आढ्यावर टाकला, गाठ मारली, आणि दोन्ही हातांनी लोंबकळून तो तुटत नाही ना ते पाहिलं. मग बाळाला झोळीत ठेवलं. ते उताणं पडून गवताकडे बघायला लागलं, आणि म्हातारी सुनेला म्हणाली, "आता तू बी हितंच नीज. माझं छप्पर बाईंनी पास केलंय."